गागोद्याचे भावे : रंग आणि सूत

गागोदे बुद्रुक म्हटलं की विनोबा, त्यांची 11 सप्टेंबर 1895 ही जन्मतारीख आणि भाव्यांचं घर, एवढ्यावर बोलणं थांबतं. वडील नरहर शंभूराव भावे उल्लेखापुरते येतात. कापडाच्या इतिहासात रस असेल, तर आधी त्यांच्याकडेच वळायला हवं.

नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला. बायकामुलं सुरुवातीला गागोद्यातच. एका दिवाळीला ते घरी आले, तेव्हा मुलं मिठाईची वाट पाहत होती. पुडक्यातून निघाली पुस्तकं!

बडोदा तेव्हा कारागिरीला शास्त्राची जोड देऊ पाहत होतं. 1890 साली सयाजीराव गायकवाडांनी तिथे कलाभवन काढलं, रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. रंगाई, विणकाम, चित्रकला असं बरंच काही तिथे शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. रंगाऱ्यांच्या धंद्यात मात्र उलथापालथ चालू होती. आल या रंगझाडाची मुळं खणायची, कुटायची, हिरडा-तुरटीत भिजवलेलं कापड त्या रंगात उकळायचं, तेव्हा कुठे तांबडा पक्का बसे. मंजिष्ठेतला तसाच तांबडा रंग 1868 मध्ये जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला, 1897 मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली, आणि आलाची लागवड बसली.

नरहरपंत या नव्या शास्त्राचे माणूस. रंगाचे प्रयोग त्यांनी घरीही चालू ठेवले. कापडाचे लहान लहान तुकडे वेगवेगळ्या रंगांत बुडवून पाहायचे, हा त्यांचा नाद. गिरण्यांचं त्यांना कौतुक होतं.

आणि मुलगा? 1916 साली इंटरची परीक्षा सोडून गांधींकडे गेला आणि पुढे सूत कातायची टकळी घेऊन बसला. बापाचा वारसा नाकारला, असं वरवर वाटेल. मला तसं वाटत नाही. वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबा तासन्‌तास कातत. चार फुटांचा एक तार, 640 तारांची एक गुंडी, असा हिशेब. उजव्या हातानं किती निघतं, डाव्यानं किती, कातणाऱ्याला मजुरी किती पडते, सगळं मोजायचं. त्या मजुरीत जगूनही पाहायचं. प्रयोगाची ही चिकाटी बडोद्याच्या घरातलीच. 1937 मध्ये वर्ध्याला गांधींच्या नयी तालीम या शिक्षणयोजनेची आखणी झाली, तेव्हा हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आला आणि टकळी शाळेत पोचली.

नरहरपंत 1947 साली धुळ्याला वारले.