अंगणवाडीचा पट

अंगणवाडीचा पट म्हणजे एका केंद्राच्या कार्यक्षेत्रातील नोंदलेली मुले. शाळेचा पट प्रवेशाने भरतो, अंगणवाडीचा सर्वेक्षणाने. इथे शुल्क नाही, प्रवेशाची रांग नाही, पालकांची मुलाखत तर नाहीच. सेविका घरोघर फिरते आणि पाळण्यातले मूलही नोंदवहीत येते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांचा आहार घरी दिला जातो. केंद्रात येऊन गाणी म्हणणारी, गरम खिचडी खाणारी मुले तीन ते सहा वयाची. त्यामुळे वहीतला आकडा आणि सतरंजीवरची डोकी जुळत नाहीत, आणि दर वेळी त्यात सेविकेचीच चूक असते असेही नाही.

अंगणवाडीची कल्पना मुळात पटाच्या अडचणीतूनच निघाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्त्यांतली मुले बालवाडीपर्यंत पोचत नव्हती. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवातीला धारावी आणि मेळघाटातील धारणी निवडले गेले. एकीकडे गल्लीगणिक भाषा बदलणारी झोपडपट्टी, दुसरीकडे घरी कोरकू बोलणारी मुले: मराठी पुस्तक समोर ठेवणाऱ्या सेविकेची दोन्हीकडे सारखीच परीक्षा.

केंद्र किती मुलांमागे? सर्वसाधारण निकष ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक. आदिवासी व डोंगराळ भागात ३०० लोकवस्तीलाही पूर्ण केंद्र मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या वस्तीला मागणीनुसार अंगणवाडीचा हक्क दिला.

वयानुसार पट कसा सरकतो, हे पाहण्यासारखे आहे. 'असर' या शैक्षणिक स्थितीच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तीन वर्षांच्या मुलांपैकी ५७.१ टक्के मुले २०१८ मध्ये अंगणवाडीत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ६६.८ टक्के झाले. पण ऐपत थोडी वाढली की चार-पाच वर्षांचे मूल इंग्रजी माध्यमाच्या केजीत जाते. शहराजवळच्या अंगणवाडीत मग उरतात ती मुख्यतः मजुरी करणाऱ्या घरांतली मुले.

ऋतूही पट हलवतो. दिवाळीच्या सुमारास बीडमधली ऊसतोड कुटुंबे आणि पालघरमधले वीटभट्टी मजूर बाहेर पडले की गावची सतरंजी रिकामी होते आणि कारखान्याजवळच्या तळावर अचानक मुले वाढतात. या ये-जा करणाऱ्या मुलांचा व मातांचा माग ठेवण्यासाठी राज्याने स्थलांतर मागोवा प्रणाली उभी केली. २०२१ पासून देशभरच्या नोंदी 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल ॲपवर होतात. मूल नव्या गावात दिसले, तरी त्याचे नाव तिथल्या यादीत चढवण्यासाठी तिथल्या सेविकेला त्या तळापर्यंत चालत जावे लागते.