ग्लायोब्लास्टोमा ऑर्गनॉइड

ग्लायोब्लास्टोमा ऑर्गनॉइड म्हणजे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत आक्रमक कर्करोगाच्या अभ्यासासाठी मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली सूक्ष्म त्रिमितीय ऊती होय. शस्त्रक्रिया, किरणोपचार व टेमोझोलोमाइड हे औषध देऊनही या आजाराचे सुमारे निम्मे रुग्ण निदानानंतर साधारण १५ महिन्यांपलीकडे जगत नाहीत. गाठीच्या पेशी आसपासच्या निरोगी मेंदूत दूरवर शिरतात. शिवाय एकाच गाठीत जनुकीयदृष्ट्या भिन्न पेशी नांदतात. सपाट काचपात्रात वाढवलेल्या पेशींत हे गुण बहुतांशी हरवतात, आणि उंदराचा मेंदू हा काही मानवी मेंदू नव्हे.

२०१३ मध्ये व्हिएन्नातील मॅडलिन लँकेस्टर, युर्गन क्नोब्लिख व सहकाऱ्यांनी मूलपेशींपासून मेंदूसदृश ऑर्गनॉइड तयार केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल संस्थेत अशा ऑर्गनॉइडमध्ये रुग्णांच्या ग्लायोब्लास्टोमा मूलपेशी सोडून त्यांचा प्रसार अभ्यासण्यात आला (२०१९). पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०२० मधील पद्धतीत मेंदूसदृश ऊती लागतच नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे बारीक तुकडे, पेशी सुट्या न करता, पोषक द्रवात सतत हलते ठेवून वाढवतात. त्यामुळे मूळ गाठीतील पेशींचे वैविध्य बरेचसे टिकते. ऑर्गनॉइड एक-दोन आठवड्यांत हाती येतो. किरणोपचार मात्र बहुधा शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी सुरू होतात. या अवधीत त्या रुग्णाच्याच ऊतीवर औषधे, तसेच कार-टी पेशी तपासता येतात.

ऑर्गनॉइडमध्ये रक्ताभिसरण नसते, म्हणून तो मोठा झाल्यास गाभ्यातील पेशी प्राणवायूअभावी मरतात. रक्त व मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडथळाही त्यात नसतो. परिणामी, पात्रात गुणकारी ठरलेले औषध रुग्णाच्या गाठीपर्यंत पोहोचेलच असे नाही.