दूरच्या फरशीचा हिशेब : प्रस्तावना

औरंगपुऱ्यात दिवसा पुस्तके घ्यायला येणारा विद्यार्थी रात्री लॅपटॉपवर गेम लावतो. गेम अडखळला की सेटिंगमध्ये शिरून टेक्सचर फिल्टरिंग 16 वरून 2 वर आणतो. पुष्कळदा वेग फारसा वाढत नाही, समोरचा रस्ता मात्र पुसट होतो. असे का होते, हे ज्याला जाणून घ्यावेसे वाटते त्या प्रत्येकाचे या विषयात मनापासून स्वागत आहे. शाळेतले गणित त्याला पुरेल.

बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारातून घुमटाकडे जाणारा लांब मार्ग डोळ्यांपुढे आणा. पायाजवळची फरशी मोकळी दिसते. दूर जाता जाता तीच चपटी आणि दाट होते. हे दृश्य गेममध्ये उभे केले, तर दूरच्या एकेका पिक्सेलच्या वाट्याला फरशीच्या चित्रातले शेकडो ठिपके, म्हणजे टेक्सेल, येतात. त्यांतला एकच उचलला, तर चालताना जमीन चमचमत राहते. पृष्ठभागावर चित्र चढवण्याची रीत एड कॅटमल यांनी 1974 मध्ये युटा विद्यापीठातील प्रबंधात मांडली. चमचमाटावर 1983 मध्ये लान्स विल्यम्स यांनी मिपमॅपचा उपाय सांगितला: लांबीरुंदी निम्मी निम्मी होत जाणाऱ्या प्रती आधीच करून ठेवायच्या आणि अंतराप्रमाणे योग्य ती वाचायची. मेमरी फक्त एक तृतीयांश जास्त लागते. मला या कल्पनेचे आजही अप्रूप वाटते, कारण तिने चित्र सुधारले आणि कामही हलके केले. दूरच्या पृष्ठभागासाठी लहान प्रत वाचली की लागणारे टेक्सेल कॅशमध्येच, म्हणजे चिपजवळच्या छोट्या वेगवान मेमरीतच, सापडतात.

पण तिरक्या फरशीवर मिपमॅप एकटा अपुरा पडतो आणि दूरचे सगळे धूसर करतो. टेक्सेल मिसळण्याच्या, म्हणजे फिल्टरिंगच्या, साध्या रीतींपैकी बायलिनिअरमध्ये 4 टेक्सेल वाचले जातात, ट्रायलिनिअरमध्ये 8. या धूसरपणावरचा उपाय अनायसोट्रॉपिक फिल्टरिंग: सेटिंगमधल्या 16 वर उताराच्या दिशेने असे 16 नमुने घेता येतात, म्हणजे 128 टेक्सेल. 1920 × 1080 च्या पडद्यावर सेकंदाला 60 फ्रेम धरल्या, तर एका थरासाठी सेकंदाला जवळपास 1,600 कोटी टेक्सेल! प्रत्यक्षात एवढे कधी लागत नाहीत. समोरासमोर असलेल्या भिंतीला एकच नमुना पुरतो, शेजारचे पिक्सेल तेच टेक्सेल वापरतात, चित्रे संकुचित रूपात साठवलेली असतात. म्हणून स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर 16 ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे गेम अडतो तो बहुधा सावल्यांवर, प्रकाशावर किंवा प्रोसेसरवर.

प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सची गोष्ट वेगळी. ते संगणकाच्या रॅममधून वाचते, आणि त्या रॅमवर प्रोसेसरचाही हक्क असतो. डीडीआर4-3200 ची एकच पट्टी सेकंदाला फार तर 25.6 जीबी देते. मूळच्या जीटीएक्स 1650 कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला 128 जीबी देते. म्हणून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर 16 वरून 4 वर येण्याने फरक पडू शकतो. पण दुसरी पट्टी बसवून दोन्ही चॅनेल चालू केले, तर रॅमची हीच वाट दुप्पट रुंद होते. गेम घडवणाऱ्यांनाही हा हिशेब चुकत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये हातात मावणाऱ्या स्विच कन्सोलवरही आला आणि पीसीवरही. दोन्हीकडची मेमरी सारखी नसते.

पुढील प्रकरणांतले प्रयोग घरच्या यंत्रावर करता येतील. दृश्य तेच ठेवा, एका वेळी एकच सेटिंग बदला, आणि सरासरी एफपीएसबरोबर प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळही नोंदवा. दूरवर जाणारी जमीन आणि अगदी समोरची भिंत या दोन्ही ठिकाणी मोजा. आकड्यांतला फरक तिथेच दिसू लागेल.