स्वस्त नत्र, मका आणि रूटवर्म

मक्यावर पीएचडी करायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला आराखडा ठरलेला असतो: खताच्या तीन-चार मात्रा, कीटकनाशक दिलेले आणि न दिलेले वाफे, शेवटी उंची नि उत्पादन. खत हा एक घटक, कीड दुसरा. तक्त्यात ते वेगळे दिसतात. शेतात मात्र एकाने दुसऱ्याला जन्म दिल्याचं उदाहरण अमेरिकेत आहे.

तिथल्या मका पट्ट्यातली मोठी कीड म्हणजे वेस्टर्न कॉर्न रूटवर्म. या भुंगेऱ्याची मादी उन्हाळा सरताना मक्याच्याच शेतात, जमिनीत अंडी घालते. पुढच्या वर्षी निघालेल्या अळ्यांना मक्याची मुळं हवीत. तिथे ओट किंवा क्लोव्हर असेल तर त्या उपाशी मरतात. त्यामुळे फेरपालट हाच इलाज होता. इलिनॉयचे कीटकशास्त्रज्ञ स्टीफन फोर्ब्स याच किडीच्या भाऊबंदासाठी, नॉर्दर्न रूटवर्मसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेच सांगत होते. शिवाय क्लोव्हरमुळे जमिनीला नत्रही मिळायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर नत्रखत स्वस्त आणि मुबलक झालं. मग क्लोव्हर कशाला लावायचं? अनेक शेतांत वर्षानुवर्षं मक्यावर मका सुरू झाला. किडीला उपाशी ठेवणारं पीकच हटलं. त्यावर उपाय म्हणून बीएचसी, आल्ड्रिन, हेप्टाक्लोर जमिनीत टाकायला लागले. १९५९ च्या सुमारास नेब्रास्कात ही औषधं लागू पडेनात, आणि १९६२ मध्ये बॉल आणि वीकमन यांनी भुंगेऱ्यांतल्या प्रतिकारशक्तीची नोंद प्रसिद्ध केली.

आता मुळं कुरतडलेल्या झाडाला नत्र कितीही द्या, ते उचलणार कोण? म्हणजे खताचा परिणाम किडीवर अवलंबून. यालाच आपण इंटरॅक्शन म्हणतो. घटक एकेकटे न तपासता एकत्र तपासा, हा आग्रह रोथॅमस्टेडला फिशर यांनी १९२६ मध्येच धरला होता. फॅक्टोरियल डिझाइनमध्ये एवढं एका हंगामात दिसेलही. पण खत, मोडलेली फेरपालट आणि कीड ही साखळी एका हंगामात दिसत नाही, आणि आपल्या बहुतेक प्रबंधांत हंगाम दोनच असतात. निदान प्लॉटवर आधीची तीन-चार वर्षं काय होतं, ते विचारून वहीत लिहून ठेवा. गाइड हसले तरी चालेल!

पुढे अनेकांनी मका-सोयाबीन अशी आलटून-पालटून पिकं घेतली. १९९० च्या दशकात इलिनॉयमध्ये सोयाबीनच्या शेतातही अंडी घालणारे रूटवर्म आढळले.