निशाण एका अक्षराचे

कचेरीतल्या एखाद्या मुरलेल्या कारकुनाला ‘पाटलांची फाइल काढा’ असे सांगून पाहा. तो आधी विचारील, कोणते पाटील? आणि नाव कुठे ‘पाटिल’ असे ऱ्हस्व पडले असेल, तर तेही बघू का? संगणक असे काही विचारत नाही. दिलेला शब्द मुकाट्याने शोधतो आणि ‘सापडले नाही’ म्हणून मोकळा होतो. म्हणून अशा प्रश्नांची उत्तरे आधीच त्याच्या हाती द्यावी लागतात. त्यासाठी प्रोग्रॅमर मंडळी जी छोटी निशाणे वापरतात, त्यांना ‘फ्लॅग’ म्हणतात. त्यांचा इतिहास म्हणजे ‘सारखे’ कशाला म्हणायचे, हे कोणी आणि कसे ठरवले, याचा इतिहास आहे.

सुरुवात झाली गणितात. १९५१ साली अमेरिकी गणिती स्टीफन क्लीनी मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्याच्या गणिती प्रारूपाचा अभ्यास करत होते. तो करताना त्यांनी चिन्हांच्या रचना नेमकेपणाने मांडण्याची एक पद्धत बसवली. तिचेच नाव पुढे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ असे रूढ झाले. बेल लॅब्जच्या केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये या पद्धतीने संगणकावर मजकूर कसा शोधावा, हे एका निबंधात दाखवले आणि गणितातली कल्पना रोजच्या कामाला आली.

ही पद्धत कशी चालते? नेमका शब्द न देता शब्दाचा साचा द्यायचा. साच्यातले टिंब म्हणजे ‘इथे कोणतेही एक चिन्ह चालेल’. ‘क’, टिंब, ‘ळ’ असा साचा दिला की ‘कमळ’ सापडते आणि ‘काळ’ही सापडतो; कारण यंत्राच्या लेखी काना हे स्वतंत्र चिन्ह आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टॉम्प्सन यांच्या ‘एड’ या संपादकात संपूर्ण मजकुरातून साचा शोधून जुळलेल्या ओळी छापण्याची एक आज्ञा होती. त्या आज्ञेच्या अक्षरांवरूनच ‘ग्रेप’ या प्रसिद्ध प्रोग्रॅमचे नाव पडले. ब्रायन कर्निहॅन यांनी त्याची हकिकत सांगितली आहे. ली मॅकमॅहन या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट’ हे अमेरिकी राज्यघटनेच्या वेळचे ८५ लेख तपासून कोणता लेख कोणी लिहिला, याचा माग काढायचा होता. एवढा मजकूर ‘एड’मध्ये मावेना. तेव्हा टॉम्प्सन यांनी शोधाचे काम वेगळे काढून दिले. १९७३ पासून ग्रेप युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत आहे. मोठे आणि छोटे अक्षर एकच मानण्याचा पर्याय १९७९ च्या ग्रेपमध्ये ‘वाय’ या अक्षराने मिळत असे. पुढे ती जागा ‘आय’ने घेतली.

ग्रेप एका वेळी एकच ओळ पाहत असे. लॅरी वॉल यांच्या १९८७ मधल्या ‘पर्ल’ भाषेत मात्र अख्खी फाइल एकदम हातात घेता येई. मग ‘आरंभ’ म्हणजे मजकुराचा की प्रत्येक ओळीचा? टिंबाने ओळ ओलांडावी की नाही? पहिल्यासाठी ‘एम’, म्हणजे अनेक ओळी; दुसऱ्यासाठी ‘एस’, म्हणजे एकच ओळ. नावावरून दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, प्रत्यक्षात सुखाने एकत्र नांदतात. या नावांनी भल्याभल्यांना चकवले आहे.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागातील फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये ‘एक्झिम’ या ईमेल प्रोग्रॅमसाठी पर्लच्या धर्तीवर एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरावा असा तयार कोड. तिच्यात फ्लॅग ही अक्षरे नव्हती, तराजूच्या वजनांसारख्या संख्या होत्या. लहानमोठे अक्षर एक मानणे १, ओळींचे आरंभ-शेवट धरणे २, टिंबाने ओळ ओलांडणे ४. पारड्यात ५ दिसले की पहिले आणि तिसरे वजन आहे, हे उघड. ही लायब्ररी पीएचपीसारख्या भाषांत शिरली आणि असंख्य वेबसाइटींच्या पोटात जाऊन बसली.

अडचण आली ती इंग्रजीबाहेर. १९२८ मध्ये स्वीकारलेल्या तुर्की लिपीत ‘आय’ दोन आहेत, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा, आणि दोघांचीही मोठी रूपे वेगवेगळी. मग इंग्रजीच्या हिशेबाने लहानमोठे एक मानले की तुर्की शब्द चुकतो. आपल्या देवनागरीत लहानमोठे अक्षर नाहीच, म्हणून आपण सुटलो म्हणावे, तर तसेही नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ कोणी एकाच चिन्हाने टाइप करतो, कोणी ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला वेगळे. २००२ च्या जावा १.४ मध्ये ही दोन रूपे एक मानण्याचा खास फ्लॅग आला. पण तो आपणहून लावावा लागतो.

याहून मोठा प्रश्न ‘शब्द’ कशाला म्हणायचे, हा. जावाला वेगळे काही सांगितले नाही, तर शब्दात बसणारी चिन्हे म्हणजे इंग्रजीची ५२ लहानमोठी अक्षरे, १० अंक आणि एक अधोरेखा. एकूण ६३. त्यांत मराठीचे एकही नाही. पायथनची मूळ लायब्ररी देवनागरी अक्षरे ओळखते, पण काना-वेलांटीला शब्दात धरत नाही. तिला ‘मराठी’ शब्द तोडायला द्या. ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. २०११ मध्ये जावा ७ आले आणि त्यातला एक नवा फ्लॅग लावला, की काना-वेलांटीसकट ‘मराठी’ हा एक अखंड शब्द ठरू लागला.

कोणी मुद्दाम आपला शब्द तोडला, असे नव्हे. ज्यांनी पहिले साचे पाडले, त्यांच्यापुढे इंग्रजी मजकूर होता आणि न सांगता गृहीत धरण्याच्या गोष्टी त्यावरून ठरल्या. दुरुस्तीची सोयही झाली आहे. मात्र मराठी नावांच्या याद्या आणि कोश ज्यांच्या प्रोग्रॅममधून जातात, त्यांनी ते निशाण आठवणीने उभारले पाहिजे. नाहीतर नाव यादीत असेल आणि उत्तर येईल, ‘सापडले नाही’.