पाचवी तार

गेले दोन महिने आमच्या घरात एकाच प्रश्नावर खल चालू आहे: तारा किती? चार, पाच, सहा की आठ? विषय युकुलेलीचा आहे. (हो, तेच ते गिटारच्या पिल्लासारखं दिसणारं वाद्य.) त्यातही बॅरिटोन युकुलेली, म्हणजे त्या पिल्लांमधलं थोरलं, आणि त्यातही जास्तीच्या तारांची. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे भाजी आणायची तरी आधी एक्सेल शीट उघडतो. शीट झाली, बावीस रांगा भरल्या, निर्णय काही होईना. मग नेहमीच्या सवयीने इतिहासात शिरलो. गंमत म्हणजे उत्तर तिथेच सापडलं.

पण आधी हे खूळ आलं कुठून ते सांगतो. आमचे बाबा बँकेत होते. त्यांच्या स्टाफचा ऑर्केस्ट्रा होता आणि गणपतीत दहा दिवस बाबांची गिटार घरी टिकत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. देवाच्या दयेने चालणं-बोलणं सगळं परत आलं, पण डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही ऐकेना. तेव्हापासून गिटार कपाटावर आहे. दर रविवारी खाली काढून पुसतात आणि परत ठेवतात. वाजवत नाहीत. मला ते पुसणं बघवत नाही, खरं सांगायचं तर.

बॅरिटोन युकुलेली इथे कामाला येते. तिच्या चार तारा डी-जी-बी-ई अशा लावतात, म्हणजे हुबेहूब गिटारच्या खालच्या चार बारीक तारा. ज्याला गिटार येते त्याला नवीन काहीच शिकायचं नाही. वरच्या दोन जाड तारा नाहीत असं समजायचं. गिटारवर 'जी' कॉर्डला तीन बोटं लागतात, इथे एक पुरतं. 'सी'ला दोन. तारा नायलॉनच्या, बोटाला मऊ. पन्नास वर्षांची विद्या फुकट जात नाही. पण बाबांना एक चार तारांची वाजवून दाखवली तर म्हणाले, "छान आहे रे, पण पोकळ वाटते." म्हणून जास्तीच्या तारांचा शोध सुरू झाला.

आता इतिहास. पोर्तुगालच्या ताब्यात अटलांटिक महासागरात मदेरा नावाचं बेट आहे, द्राक्षांसाठी आणि वाईनसाठी प्रसिद्ध. १८५० च्या दशकात वेलींवर बुरशी पडली, १८७० च्या दशकात मुळं खाणारी कीड आली आणि बागाइतदार देशोधडीला लागले. त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हवाई बेटांवर उसाची चलती सुरू झाली होती. १८७५ मध्ये हवाईच्या राज्याने अमेरिकेशी तह केला आणि तिथली साखर अमेरिकेत बिनजकातीची जाऊ लागली. ऊस वाढला, पण तोडायला माणसं कुठे होती? बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्या पार खंगली होती. मग मदेराहून करारावर मजूर आणले. 'रेवन्सक्रॅग' नावाचं जहाज चारशेच्या वर माणसं घेऊन चार महिने हेलकावत २३ ऑगस्ट १८७९ ला होनोलुलूला लागलं. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या आठवा, फक्त बैलगाडीऐवजी जहाज.

या जहाजावर तीन सुतार होते: मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जुझे दु इस्पिरितु सांतु. आले शेतमजूर म्हणून, पण हात मूळचे लाकडातले. जहाज लागून दोनेक आठवडे होतात न होतात तोच तिथल्या वर्तमानपत्रात बातमी आली की मदेराची ही मंडळी रात्री रस्त्यावर गाणी-बजावणी करून लोकांना खूश करताहेत. करार संपल्यावर तिघांनीही वाद्यं बनवण्याची दुकानं टाकली. लाकूड तिथलंच, कोआ. हे झाड आपल्या बाभळीच्या गोतावळ्यातलं आहे, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. :-)

आता नीट लक्ष द्या, कारण माझा सगळा निर्णय इथे अडकलाय. मदेराहून आलेली छोटी वाद्यं मुख्यतः दोन. एक 'मशेते', चार तारांचं, अगदी चिमुकलं. दुसरं 'राजाँव', त्याहून मोठं, पाच तारांचं. युकुलेली म्हणजे या दोघांचं अपत्य. अंगकाठी मशेतेची आणि सूर राजाँवचे. राजाँवच्या तारा डी-जी-सी-ई-ए अशा. त्यातली पहिली डी गाळा की उरतं जी-सी-ई-ए, म्हणजे आजच्या साध्या युकुलेलीचं लावणं. थोडक्यात, युकुलेली एक तार टाकून देऊन जन्माला आली! आपण ज्याला 'जास्तीची तार' म्हणतो ती मुळात वजा झालेली तार आहे.

राजाँवची आणखी एक खोड. त्याच्या तारा जाड ते बारीक अशा ओळीत नसतात. वरच्या तारा चढ्या सुरात, मधली सी खाली, मग पुन्हा चढ. साध्या युकुलेलीचा तो खट्याळ, टिणटिणीत आवाज या उलट्या क्रमातून येतो. बॅरिटोनमध्ये मात्र सूर सरळ चढत जातात, म्हणून ती भारदस्त वाटते आणि (बाबांच्या भाषेत) पोकळही.

हवाईच्या राजाने, कालाकाउआने, हे वाद्य उचलून धरलं. हा राजा मोठा हौशी. १८८१ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि ती पूर्ण करणारा पहिला राजा ठरला. वाटेत कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईलाही येऊन गेला. त्या दौऱ्यामागचं एक कारण उसासाठी मजूर मिळवणं हेच होतं. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हुला नाचाला युकुलेलीची साथ होती. सात वर्षांत मजुराच्या झोपडीतून राजवाड्यात!

पुढचं मात्र वाईट आहे. १८८७ मध्ये साखरवाल्या गोऱ्या मंडळींनी बंदुकीच्या धाकावर राजाच्या हातून अधिकार काढून घेतले. १८९१ मध्ये राजा गेला आणि बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. १८९३ मध्ये तिलाही पदच्युत केलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटंच गिळली. ही राणी स्वतः उत्तम गीतकार होती, 'अलोहा ओए' तिचंच. युकुलेली या शब्दाचा सरळ अर्थ 'उड्या मारणारी पिसू' असा सांगतात, वादकाची बोटं तशी नाचतात म्हणून. राणी मात्र अर्थ लावायची: 'इथे चालत आलेली भेट'. ज्या साखरेने ही भेट आणली त्याच साखरेने तिचं सिंहासन नेलं. हे वाचल्यापासून हातातलं ते 'खेळणं' मला खेळणं वाटेनासं झालंय.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनाने अमेरिकेला वेड लावलं. पुढच्याच वर्षी मार्टिन या नामांकित गिटार कंपनीने युकुलेली बाजारात आणल्या आणि त्याच १९१६ मध्ये होनोलुलूत सॅम्युएल कमाका यांनी आपलं दुकान थाटलं, जे त्यांच्या वारसांनी पुढे चालवलं. मागणी आली तशी तक्रारही आली: आवाज लहान आहे हो! त्या काळी माइक-स्पीकर नव्हते. मग तारा वाढवा. चार तारांच्या चार जोड्या, एकूण आठ. या वाद्याला 'टॅरोपॅच' म्हणू लागले. मजा अशी की हवाईत हे नाव आधी पाच तारांच्या राजाँवचं होतं. अळूच्या वाफ्यात बसून वाजवायचं म्हणून टॅरोपॅच, अशी कथा सांगतात. (टॅरो म्हणजे अळू. अळूच्या फदफद्याचा देश सोडून हे वाद्य तिकडे गेलं, काय म्हणावं!) मधला मार्ग म्हणून पुढे सहा तारांची टेनर युकुलेली निघाली, तिला हवाईत 'लिलिउ' म्हणतात. तिच्यात फक्त सी आणि ए या दोन तारांना जोडीदार असतो. आपली बॅरिटोन या खानदानातली शेंडेफळ, १९४० च्या दशकाच्या अखेरची. ती पहिली कुणी केली यावर न्यूयॉर्कचे फाविला आणि रेडिओस्टार आर्थर गॉडफ्री यांच्या गोटांत वाद आहे. आपण त्यात पडायला नको.

आता प्रश्न असा की तार जोडीने लावली की नेमकं होतं काय? आवाज दुप्पट होत नाही. दोन तारा कितीही जुळवल्या तरी केसभर फरक राहतो. एक सेकंदाला २२० वेळा थरथरली आणि दुसरी २२१ वेळा, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. ती लाट कानाला भरदार वाटते. हे आपल्याला नवीन नाही, तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आपण 'जोड' म्हणतोच की. दुसरा प्रकार म्हणजे जोडीतली एक तार सप्तकभर वर लावायची. मग खालचा सूर भक्कम राहतो आणि वर चकाकी येते.

पण कुठलीच गोष्ट फुकट नसते. त्याच जाडीच्या दुप्पट तारा म्हणजे दुप्पट ताण. तो पेलायला आतल्या पट्ट्या जाड कराव्या लागतात, आणि पट्ट्या जाड झाल्या की वरची फळी कमी थरथरते. म्हणजे आवाजासाठी तारा वाढवायच्या आणि तारांसाठी आवाज कमी करायचा. (आमच्या क्षेत्रात याला 'फीचर' म्हणतात.) चार तारांच्या वाद्याला भोकं पाडून आठ करू नयेत, ते यासाठी.

एका मित्राकडून आठ तारांची टेनर शनिवार-रविवारसाठी मागून आणली. बाबांनी खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरून ऐकत होतो. एकेका जोडीतली एक तार दाबली जायची, दुसरी निसटून भणभणायची. वीस मिनिटांनी दार उघडलं. "चांगली आहे," म्हणाले, आणि टीव्ही लावला. त्या 'चांगली आहे'चा अर्थ मला कळला.

पुढच्या आठवड्यात कामासाठी सांगलीला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून मिरजेला एका तंबोरे करणाऱ्या काकांकडे गेलो. युकुलेली त्यांनी हातात धरून उलटीसुलटी पाहिली, टिचकी मारली आणि एकच विचारलं, "रोज लावायला कोण बसणार?" मी म्हटलं, बाबा. "बोटं कशी आहेत त्यांची?" सांगितलं. "मग आठाच्या भरीला पडू नका. जिथं बोट कमी पडतं तिथं जोड घ्या." माझ्या बावीस रांगांच्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता!

घरी येऊन मोजलं. बॅरिटोनची चौथी तार, म्हणजे डी. 'जी'मध्ये ती मोकळी, 'डी'मध्ये मोकळी, 'डी मायनर'मध्ये मोकळी, 'जी सेव्हन'मध्येही मोकळी. दाबायची वेळ येते ती 'सी', 'ई मायनर', 'ए मायनर' अशा ठिकाणी, आणि तिथे तर्जनी-मधलं बोट पोचतं. ती दोन बोटं बाबांची ठणठणीत आहेत. म्हणजे फक्त डीला जोडीदार द्यायचा, सप्तकभर वरचा. एकूण तारा पाच. भार वाढला एकाच तारेचा. आणि वरची डी लागली की बॅरिटोनच्या सरळ चढणीत राजाँवचा तो उलटा खट्याळ सूर परत येतो. मदेराहून निघालेली आणि वाटेत गळालेली डी, असं मी आपलं मनाशी म्हणतो. (इतिहासकार मारतील, पण शनिवार आहे, चालायचंच.)

ऑर्डर दिली. मागच्या रविवारी आली. बाबांनी ती लावायलाच पाऊण तास घेतला, आणि मला हात लावू दिला नाही. मग 'जी' छेडला. एक बोट. थांबले. पुन्हा छेडला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय?"

गिटार अजून कपाटावरच आहे. काल रविवार नव्हता, तरी बाबांनी ती खाली काढली होती. पुसायला नाही. खालच्या चार तारांवर काहीतरी पडताळून बघत होते.

असो. शीट डिलीट केली आहे.