नकारलेली हुंडी

वाशीम जिल्ह्यातील कारंजासारख्या कापसाच्या पेठांत सावकारी पेढ्यांचा व्यवहार ज्या काळी हुंडीवर चाले, त्या काळी हुंडी नकारली गेली म्हणजे तंटा कचेरीत नेण्यापूर्वी पेठेचा रिवाज पाहिला जाई. हुंडीसोबत पुष्कळदा जिकरी चिठ्ठी असे. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती सकारली नाही, तर लिहिणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी त्याच गावच्या दुसऱ्या सावकाराने रक्कम द्यावी, अशी तीत विनंती असे. तेही न घडल्यास धनकोस मुद्दलासोबत ‘नकराई’ ही भरपाई मागता येई. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पैठ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवल्यास परपैठ म्हणजे तिसरी, इतकी तजवीज त्या व्यवहारात होती!

१८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने देशी भाषांतील हुंडीसारख्या दस्तऐवजांचे स्थानिक रिवाज सामान्यतः अबाधित ठेवले, यात मला शहाणपण दिसते. त्याच कायद्याला कलम १३८ जोडले जाऊन १ एप्रिल १९८९ पासून अपुऱ्या शिलकेमुळे धनादेश न वटणे हा फौजदारी अपराध ठरला, आणि लोकांच्या तोंडी तेवढेच राहिले. वस्तुतः खात्यात पुरेशी शिल्लक असूनही बँकेने धनादेश परत केला, तर खातेदाराची नुकसानी भरून देण्याची जबाबदारी कलम ३१ ने मूळपासूनच बँकेवर टाकलेली आहे.